कोळेकरांची खिडकी

"दाव्याला दोन टोकं असतात, वृषा. तू एकाच टोकाकडं बघालीस."

आई फोनवर हे म्हणाली तेव्हा मी कोळेकरांच्या वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून, खिडकीच्या पडद्याला टाचण्या लावत होते. पडदा असा बसायला हवा होता की समोरचं सगळं मला दिसावं आणि समोरून मी कुणाला दिसू नये.

"आई, मी काय गाय आहे?"

"गाय बरी. हंबरती तरी."

"ठेवते मी. गॅस लागतोय का बघायचाय अजून."

"ठेव. पण मी काय म्हणाले ते जरा..."

मी ठेवला. जयसिंगपूरहून आईचा रोज फोन यायचा आणि रोज ती काहीतरी सुनावायची. ते दिवसच असे होते की कुणी साधं 'ऊन पडलंय' म्हणालं तरी मला ते माझ्या जाण्यावर बोट ठेवल्यासारखं वाटायचं.

समोर म्हणजे आमचंच घर. मध्ये मिरजेच्या त्या कॉलनीतला अरुंद रस्ता, तेवढंच काय ते अंतर. निळं फाटक, शहाबादी फरशीचं अंगण, कोपऱ्यात पपईचं झाड, आणि अंगणात माझी दीड वर्षाची जुई आत्यांच्या कडेवर. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. माझ्या सासूबाई, रत्नमाला मगदूम, जुईला पपईवरचा कावळा दाखवत होत्या. जुई कावळ्याकडे न बघता घराच्या दाराकडे बघत होती. तिला सांगितलं होतं, आई भुर्र गेली.

आई भुर्र गेली नव्हती. आई पडद्यामागे उभी होती.

ही सगळी कल्पना आत्यांची. मी मिरजेतल्या एका कॉलेजात तासावर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. तास झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. गंमत म्हणून नव्हे, पण फार आशा न ठेवता मी जर्मनीतल्या एका विद्यापीठात एम.एस्सी.साठी अर्ज केला होता. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. व्हिसा हातात आल्यावर अभिनंदननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पेढे आणले. त्या संध्याकाळी ताटावर बसल्यावर मी सांगून टाकलं, मी जाणार नाही.

आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचा आत्यांचा नेम होता आणि त्यांच्यामुळे घराचा. त्यामुळे आमच्या घरातल्या मोठमोठ्या गोष्टी उजेडात, ताटावर ठरायच्या.

"जाणार नाही म्हणजे?" आत्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं.

"जुई अजून अंगावर पिते आत्या. पहिलं वर्ष मला होस्टेलची खोली आहे, तिथं लेकरू चालत नाही. ह्यांना नोकरी सोडून येता येणार नाही. आणि शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी काही माझी वाट बघत बसणार नाही."

"मग माझ्याकडं ठेव की."

"दुपारी राहते ती तुमच्याकडं. पण झोपायला मीच लागते."

"सवय नाही म्हणून. लावू सवय."

"मम्मी, सवय म्हणजे काय पंख्याचं बटण आहे होय?" अभिनंदन म्हणाला.

"तू गप जेव. शाळेच्या पहिल्या दिवशी माझ्या पदराला लोंबकळून बसस्टॉपपर्यंत फरफटत आलेलास. लावलीच न्हवं तुला सवय? नंतर सुट्टीत घरी थांबंनास." मग माझ्याकडे वळल्या. "नाटकाच्या आधी तालीम करतात का नाही? तशी करू. कोळेकर पुण्याला लेकाकडं गेलेत, किल्ली माझ्याकडंच आहे. तू आठवडाभर तिथं राहा. पोरीला दिसायचं नाही, आवाज द्यायचा नाही. राहिली तर जा. नाही राहिली तर परत मी ह्या विषयावर तोंड उघडणार नाही. वाटलं तर मीच तुझं तिकीट फाडते."

"आणि मी नाही राहिले तर?"

"तू?" आत्यांना खरंच हसू आलं. "तू मोठी आहेस. मोठ्या माणसाला काय होतंय?"

जाण्याचं असं ठरलं. माझं दोन वर्षांचं शिक्षण, कॉलेजातली ती तासाची नोकरी सुटणं, पुढचं सगळं, एका दीड वर्षाच्या पोरीच्या झोपेवर टांगलेलं. आत्यांनी जुईच्या दुधाची व्यवस्था केली, मऊ भाताची केली. माझी स्कूटी अभिनंदननं कुपवाडला त्याच्या कंपनीत नेऊन लावली, कारण स्कूटी दारात दिसली की आई घरात आहे हे जुईला कळायचं.

पहिला दिवस संध्याकाळपर्यंत बरा गेला. जुई अंगणात खेळली, पडली, आत्यांनी फरशीला चापट मारल्यावर हसलीसुद्धा. मी दिवसभर खिडकीत. चहा केला तो तिथंच उभ्यानं प्यायले, तोही गार झाल्यावर. मग कॉलेज सुटायची वेळ झाली आणि जुई फाटकाशी जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी गज धरले. रस्त्यावरून स्कूटर गेली की "आई!" म्हणायची. पोस्टमन गेला, "आई!" दूधवाला गेला, त्यालाही "आई!" कुणी थांबत नव्हतं. ती रडत नव्हती, नुसती दरवेळी नव्या आशेनं हाक मारत होती, आणि तिच्या प्रत्येक हाकेला माझी छाती भरून येत होती. हे मी शब्दशः म्हणते. पान्हा फुटला होता. ब्लाऊज भिजला, वरून ओढणी घेतली, तीही भिजली. मी ओट्याची कड धरून उभी राहिले. पडद्याला लावलेल्या टाचण्यांपैकी एक जरी निसटली असती तर मला बरं झालं असतं.

मग ती रडायला लागली. आत्या तिला उचलून आत घेऊन गेल्या, दार लागलं आणि मला नुसता आवाज येत राहिला.

सकाळी मी फोन केला. "झोपली का?"

"झोपली की. लवकर झोपली."

आत्या तेव्हा अंगणात दोरीवर दुपटी वाळत घालत होत्या. फोन कानाला लावून त्या मान वर करून क्षणभर आकाशाकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे सुजलेले मला इथून दिसत होते. त्यांनी एका हातानं पाठ दाबली, मग दुसऱ्या हातानं कंबर. पोरीला खांद्यावर घेऊन बराच वेळ फेऱ्या घातल्या की बायका अशी कंबर धरतात.

"आत्या, खरं सांगा."

"खरंच सांगालेय. बरं, एक विचारायचंय. तुझा एखादा न धुतलेला गाऊन हाय का कुठं?"

"बाथरूममधल्या बादलीत असेल. जांभळा. कशाला?"

"काही नाही. जरा पोरीखाली घालते. वास राहतोय ना."

त्या गाऊनची एक गोष्ट सांगायला हवी. लग्नानंतर मी घरात गाऊन घालायला लागले तेव्हा आत्यांनी भांडण नाही केलं, नाव मात्र ठेवलं. गाऊनला त्या 'उशीचा अभ्रा' म्हणायच्या. "आज कुठला अभ्रा?" "अगं, अभ्रा घालून फाटकापर्यंत जाऊ नको, उशी चालली म्हणतील लोक." स्वतः पहाटे अंघोळ करून पातळ नेसायच्या ते झोपेपर्यंत. आजारपणातसुद्धा त्यांना मी दुसऱ्या कशात पाहिलेलं नव्हतं.

दुपारी जुई झोपायच्या वेळेला समोरचं दार उघडलं. आत्या बाहेर आल्या. अंगावर माझा जांभळा गाऊन. मापात कुठंच नाही. बाह्या दंडाला घट्ट बसलेल्या, खाली घोट्याच्या वर पाय उघडे, आणि वरून त्यांनी संकोचानं एक टॉवेल पदरासारखा घेतलेला. खांद्यावर जुई. जुईनं गाऊनच्या गळ्यापाशी नाक खुपसलं होतं आणि मूठभर कापड तोंडात धरून चोखत होती. आत्या पपईपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून पपईपर्यंत हळूहळू चालत होत्या. मला हसूही आलं आणि मग काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही.

तेवढ्यात शेजारच्या शैलाकाकू भाजीची पिशवी घेऊन आल्या आणि फाटकापाशी थबकल्याच.

"अगं बाई! रत्नमाला? जर्मनीला सून निघालीय का तू?"

"हळू बोल, झोपालीय पोरगी. मीच निघालेय. तू पण चल, भांडी घासाय बाई पाहिजे तिकडं."

"आणि हा टॉवेल कशाला?"

"लाज हाय म्हणून."

"एवढी लाज हाय तर काढ की."

"काढला तर उठंल," आत्या म्हणाल्या. आणि चालू लागल्या. शैलाकाकूंनी वर कोळेकरांच्या खिडकीकडे पाहिलं. कॉलनीत सगळ्यांनाच माहीत होतं. मी पडद्यामागे एक पाऊल मागे सरकले.

त्या दुपारी जुई झोपली. आत्या गाऊनमध्येच राहिल्या.

मला वाटलं, जमलं आता. मी माझ्या बॅगेत न्यायच्या सामानाचा विचारसुद्धा केला. आईला फोन करून सांगितलं, "बघ, दावं-बिवं काही नाही. नीट राहतेय."

"आणि रत्नमालाताई?"

"त्या काय, मजेत आहेत. माझा गाऊन घालून फिरतायत."

त्या दिवशी फोन आईनंच आधी ठेवला.

मग एके दिवशी सकाळी जुई अंगणात आलीच नाही. दार बंद. पुढच्या खोलीची खिडकी उघडी होती, आणि आमचा दिवाण त्या खिडकीला लागूनच. तिथं आत्यांची पाठ दिसत होती, जांभळी. त्या वाकत होत्या, उठत होत्या, परत वाकत होत्या. मी फोन लावला. आत्यांनी उचलला तो माझ्या डोळ्यांदेखत.

"काय करतेय जुई?"

"खेळालीय."

"बाहेर नाही आली?"

"ऊन लागतंय. आत खेळालीय. काही नाही, जरा किरकिरी हाय. दात येतोय."

त्यांच्या दुसऱ्या हातात ओली घडी होती. फोनवर बोलता बोलता त्यांनी ती वाटीत बुडवली, पिळली आणि परत ठेवली. कपाळावरच, दुसरं काय. त्यांचा आवाज मात्र अगदी रोजचा, भाजीला काय करू विचारताना असतो तसा. मी काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "तू जेवलीस का? फ्रिजमध्ये आमटी ठेवलीय बघ, गरम करून घे," आणि फोन ठेवला.

डॉक्टर आले. अभिनंदन कंपनीतून मध्येच आला, परत मेडिकलमध्ये गेला, परत आला. फाटकातून आत जाताना त्यानं वर बघितलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ 'काळजी नको' असाही होता आणि 'येऊ नको' असाही. मी त्याला फोन केला.

"किती आहे ताप?"

"आहे. औषध दिलंय. डॉक्टर म्हणाले व्हायरल असेल. अशी साथच आहे."

"मी येते."

"मम्मी नको म्हणतेय, वृषा. ती म्हणते तापात आई दिसली की..."

"मी येते, अभिनंदन."

जिना उतरले, पायात चप्पल नव्हती हे रस्त्यावर डांबर लागल्यावर कळलं. फाटकापाशी पोचले तर आत्या आधीच तिथं उभ्या. मला उतरताना त्यांनी बघितलं असणार. त्यांनी आतून कडी लावली होती आणि कडीवर हात ठेवला होता. गाऊनवर औषधाचा गुलाबी डाग. टॉवेल नव्हता.

"जा परत," त्या कुजबुजल्या.

"आत्या, तिला ताप आहे."

"हाय. उतरंल. लेकरांना ताप येतोय."

"तुम्ही दात येतोय म्हणालात."

"मग काय सांगू? ताप म्हणाले असते तर तू कालच आली असतीस."

"काल?" मी गज धरले. "कालपासून आहे?"

आतून जुईच्या रडण्याचा आवाज आला, बारीक, दमलेला. माझा हात आपोआप कडीकडे गेला. आत्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो हात ढिला पडत नव्हता.

"वृषा, ऐक. आत आलीस तर ती गळ्यात पडंल. मग तुला सोडणार नाही. मग तू जाणार नाहीस. मग आयुष्यभर त्या कॉलेजात तास मोजत बसशील आणि कधीतरी, बोलणार नाहीस पण, हिच्याकडं बघशील तेव्हा तुला ते आठवंल. मला तसलं बघणं ठाऊक हाय." त्यांनी श्वास घेतला. "आज उतरला नाही तर मी स्वतः तुला हाक मारते. गच्चीवर जाऊन बोंबलते. पण आज नको."

"मी आई आहे तिची."

"ते ती विसरत नाही. म्हणून तर म्हणालेय, जा."

आम्ही दोघी अशा किती वेळ उभ्या होतो, देव जाणे. फाटकाच्या अल्याड मी, पल्याड त्या, आणि कडीवर एकावर एक हात. मी ओरडू शकले असते. अभिनंदनला हाक मारता आली असती. फाटक कमरेएवढं होतं, चढून जाता आलं असतं. आतून परत रडण्याचा आवाज आला आणि आत्या वळल्या. आत जाता जाता त्यांनी मोठ्यानं, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा लाडिक आवाजात म्हटलं, "आले गं माझी बाय! आलेच!" तो आवाज माझा होता. म्हणजे मी जुईला अशी ओ द्यायचे. त्यांनी माझा सूर हुबेहूब उचलला होता.

रडणं थांबलं.

मी परत फिरले.

दिवस मावळायला आला तरी समोर ताटं वाढलेली दिसली नाहीत. अभिनंदननं एकट्यानं काहीतरी खाल्लं. मावळल्यावर खाणं नाही, म्हणजे आत्यांनी त्या दिवशी काहीच खाल्लं नाही. मी त्यांच्या खिडकीकडे बघत फ्रिजमधली आमटी बाहेर काढली आणि परत ठेवून दिली.

ताप रात्रीतच उतरला. आत्यांवर बोंबलायची वेळ आली नाही. सकाळी त्या गच्चीवर आल्या, इकडे तिकडे बघितलं, आणि कोळेकरांच्या खिडकीकडे तोंड करून दोन्ही हातांनी काहीतरी खाली दाबल्यासारखी खूण केली. उतरला. गाऊन तोच.

त्यानंतर जुई फाटकाशी उभी राहिली नाही. स्कूटर गेली तरी मान वळवेना. कॉलेज सुटायच्या वेळेला आत्यांच्या मागे मागे कढीपत्ता तोडत फिरायची. मी खिडकीत उभी असायचे आणि माझी छाती कोरडी असायची.

आठवडा संपला त्या सकाळी मी फाटक उघडून आत गेले. आत्या कट्ट्यावर बसून लसूण सोलत होत्या, जुई त्यांच्या मांडीशी. जुईनं मान वर केली. मी खाली बसले, हात पसरले. "जुई. बाळा, आई आली."

तिनं माझ्याकडे बघितलं. ओळखलं, हे मला दिसलं. मग तिचा खालचा ओठ पुढं आला, ती वळली आणि आत्यांच्या गाऊनमध्ये तोंड खुपसून बसली. मी जवळ सरकले तशी तिनं मूठ आवळली. कापडाच्या चुण्या पडल्या.

"झालं!" आत्या ओरडल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की परीक्षा त्यांनीच दिली असावी. "झाली पास पोरगी! अभिनंदन, बाहेर ये! बघ, गेली नाही! बघ!"

अभिनंदन आला. तो माझ्याकडे बघत होता. मी हसले. हसायलाच हवं होतं. आत्यांनी लसणाचे हात तसेच माझ्या गालावरून फिरवले. "आता जा तू. बिनघोर जा."

संध्याकाळपर्यंत जुई माझ्याकडे आली, गळ्यातही पडली. पण झोपायला आत्यांकडे गेली. आत्या पातळ नेसायला आत गेल्या होत्या, त्या तशाच गाऊनमध्ये परत बाहेर आल्या.

"राहू द्या तुमच्याकडंच," मी म्हणाले.

"मला काय करायचाय अभ्रा," त्या म्हणाल्या. आणि जुईला खांद्यावर घेऊन पपईकडे गेल्या.

मी गेले. पहिलं वर्ष कसं गेलं त्याबद्दल मी लिहीत नाही. वर्षभरानं मला कुटुंबासह राहायची जागा मिळाली, अभिनंदनलाही इकडे काम लागलं, आणि तो जुईला घेऊन यायला निघाला. निघायच्या आधी मी त्याला फोनवर एकच सांगितलं, "आत्यांचं एक न धुतलेलं पातळ आण. जुईला झोपायला लागेल." हे मला आत्यांनीच शिकवलं होतं. त्यानं आणलं. तपकिरी, बारीक काठाचं. जुई ते पांघरून, चोखून, "आज्जी, आज्जी" करत झोपायची. थंडी वाढली, बर्फ पडला, बालवाडी सुरू झाली, आणि एक दिवस मला ते पातळ पलंगाच्या खाली धुळीत सापडलं. जुईनं विचारलंसुद्धा नाही. लेकराची सवय मोडली होती.

पातळ हातात घेऊन मी तिथंच खाली बसले. आणि आईचं बोलणं मला त्या दिवशी कळलं, इतक्या उशिरा. मला वाटत आलं होतं की दोन टोकं म्हणजे जुई आणि मी.

जुईची तालीम झाली होती. माझीही त्या खिडकीत झाली, कशीबशी. आत्यांना कुणी कुठल्या खिडकीत उभं केलं नाही. आम्ही त्यांच्या खांद्यावर पोर दिली, पोरीला त्यांची सवय लागावी म्हणून सगळ्यांनी देव पाण्यात ठेवले, ती लागल्यावर पेढे वाटले. मग एका दुपारी टॅक्सी आली. अभिनंदन सांगतो, जुई टॅक्सीत बसेना. आत्यांनीच तिची बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाल्या, "जा, आई हाय तिकडं." मग फाटक लावून घेतलं.

त्या घरात आता त्या एकट्याच, म्हणून मी त्यांना इकडे बोलावलं. कायमचं आणता येत नाही, नियम तसे आहेत. तीन महिन्यांसाठी या म्हणाले. "आणि मग? परत सवय लावायची, परत मोडायची? नको बाई," म्हणाल्या. आता जुई पाच वर्षांची आहे. व्हिडिओवर "हाय आज्जी" म्हणते आणि पळते. मी तिला ओढून आणायला बघते तर आत्या म्हणतात, "असू दे गं. तिकडंच धर फोन. पाठमोरी दिसली तरी चालतंय." फोन त्या असा धरतात की मला निम्मा वेळ छताचा पंखाच दिसतो. मागच्या वेळी मात्र फोन हातातून घसरला आणि क्षणभर गळ्यापाशी जांभळं काहीतरी दिसलं. सकाळची वेळ होती तिकडे. पातळ नेसायची वेळ केव्हाच होऊन गेलेली.

"आत्या, बरं आहे ना?"

"मला काय होतंय? मोठं माणूस मी. काही नाही, जरा झोप कमी हाय. तू जेवलीस का?"

तो आवाज. भाजीला काय करू विचारताना असतो तसा.

आईला मी पाठवलं होतं. गुडघे धरत, एसटीनं गेली बिचारी. "चहा केला, पोहे केले, बरी आहे म्हणाली," असं सांगत आली. आईला आत्या फक्त बोलताना ठाऊक आहेत, मी खिडकीतून पाहिल्या तशा नाहीत. शैलाकाकू लेकीकडे राहायला गेल्या. कोळेकरांनी घर विकलं, नव्या मालकांनी ते बंदच ठेवलंय, असं ऐकते. म्हणजे त्या खिडकीत आता कुणी नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही मिरजेत राहत असाल, किंवा कामानं जाणार असाल, तर स्टेशनच्या मागच्या कॉलनीत जरा चक्कर टाकाल का? निळं फाटक, आत पपईचं झाड. दिवस मावळायच्या थोडं आधी जा. ताट वाढलंय का, ते बघा. अंगावर काय आहे, ते बघा. हाक मारलीत तर त्या फाटकाशी येतील, कडी काढणार नाहीत, आणि हसून म्हणतील, काही नाही, बरी हाय मी.

तेवढ्यावर परत फिरू नका.